दिवस भरले की पगार

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, पगाराची खिडकी होती. तिच्यामागे मी तीस वर्षं बसलो. त्यामुळे लोक मला नावानं हाक मारायचे सोडून खिडकीच म्हणू लागले. "खिडकी आली का?" "खिडकी आज घुश्शात आहे, उद्या जा." एकदा मी आजारी पडलो तर रजेच्या फळ्यावर कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं, 'खिडकीला थंडीताप'. परत आल्यावर मी ते पुसलं नाही. पुसलं असतं तर चिडलो असं झालं असतं.

चिडका मी होतोच, ते कशाला नाकारू? पण दिवसातून चाळीस माणसं येऊन एकच प्रश्न विचारत असतील तर कुणाचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही. पगार कधी, हा तो प्रश्न. जुनी माणसं तो विचारत नसत. महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस त्यांना तोंडपाठ होता. विचारायची ती नवी माणसं, आणि नव्यांचंच गणित जरा वाकडं होतं. आमचा हजेरीपट पंधरा तारखेला बंद व्हायचा. पंधरापर्यंत रुजू झालेल्याला त्याच महिन्याच्या अखेरीस पगार. सोळाला आलेल्याचं नाव पुढच्या महिन्याच्या पटावर चढायचं आणि पगारही पुढच्या महिन्याच्या अखेरीस, मागचे दिवस त्यात धरून. म्हणजे एका दिवसाच्या फरकानं माणूस दीड महिना कोरडा. हे प्रत्येकाला समजावत बसलो असतो तर पगार वाटले कधी असते? म्हणून मी तीन शब्दांत उरकायचो. "दिवस भरले की." आणि लगेच, "पुढचा."

आपल्या भाषेत हे शब्द भलतेच उद्योगी आहेत हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. कामगाराचे दिवस भरतात, तसे पोटुशीचेही भरतात. आणि ज्याचं आता काही खरं नाही, त्याचेही भरतात. मला फक्त हजेरीपटावरचे ठाऊक होते. बाकीचे मला घडीवाल्या काकूंनी शिकवले. हे सगळं त्यांच्याविषयीच आहे. मी आपला खिडकीतून डोकावतोय.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्याआधी त्यांनी एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. म्हणजे काम जन्मभर केलं होतं, पगार कुणी दिला नव्हता. नवरा घड्याळजी. दोन दुकानांच्या मधल्या बोळकांडीत त्याचं टेबल, डोळ्याला भिंग, पुढ्यात चिमटे आणि बश्यांमध्ये घड्याळांची आतडी. माणूस सज्जन, कुणाला फसवायचा नाही, बायकोवर आवाज चढवायचा नाही. फक्त कुठल्याही गोष्टीला पटकन हो म्हणायचा नाही. काही विचारलं की म्हणायचा, "बघू." चार दिवसांनी हो म्हणायचा. सगळ्या वस्तीची घड्याळं त्याच्यामुळे वेळेवर चालायची आणि घरातला होकार तेवढा चार दिवस मागे.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला धुलाईघर आहे. तिथे मोठाल्या यंत्रांमध्ये चादरी, अभ्रे, डगले धुतले जातात, गरम रुळांमधून सपाट होऊन बाहेर येतात आणि लांबलचक टेबलावर त्यांच्या घड्या होतात. काकूंना त्या टेबलावर घेतलं. चादरीची घडी कुणीही घालेल, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत जाणाऱ्या कापडाची घडी निराळी. ती अशी घालावी लागते की वरचं एक टोक धरून ओढलं की आतल्या बाजूला बोट न लागता सगळं कापड आपसूक उलगडावं. ते टोक किंचित बाहेर दुमडून ठेवायचं, म्हणजे हातमोजे घातलेल्या नर्सला ते न बघता सापडतं. नव्या माणसाला हे जमायला पंधरा-वीस दिवस लागतात. काकूंना दोन दिवसांत जमलं. तिसऱ्या दिवशी वरून निरोप आला, आजच्या घड्या ज्यांनी घातल्यात, त्यांनाच घालू द्या. तेव्हापासून त्या घडीवाल्या काकू.

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना पाहिलं होतं ते रुजू होतानाच्या सोमवारी, अठरा तारखेला, आणि पाहिलं असं म्हणायचं तेवढंच. कागद घेतले, शिक्का मारला. त्यांनी विचारलं, "साहेब, पगार?"

"दिवस भरले की," मी म्हणालो. "पुढचा."

बरोबर एका महिन्यानं, पुन्हा अठरा तारखेला, बुधवारी सकाळी, त्या खिडकीशी आल्या. मागे आठ-दहा माणसं होती. काकूंनी केस नीट बांधले होते, हातात कापडी पिशवी होती. त्या वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, दिवस भरले."

मी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाचे?"

"माझे."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. एक वॉर्डबॉय म्हणाला, "काकू, प्रसूतीचा विभाग दुसऱ्या मजल्यावर." मग सगळी रांगच हसली. मीही हसलो, आणि मी खिडकीत हसणं म्हणजे बातमीच. काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या लाजल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तशाच कामाला जायचंय मला, लेकीच्या गावी. तिचेही भरत आलेत. बावीसची तारीख दिलीय. माझे आज भरले, महिना झाला, म्हणून आले. पगार घेतला की तिकीट काढते."

आता घोडं कुठे अडलंय ते माझ्या लक्षात आलं. मी पट उघडून दाखवला आणि मला येतं तेवढ्या सौम्यपणे सांगितलं की तुमचा महिना अठरा ते अठरा असा भरत नाही. तुम्ही पंधरानंतर रुजू झालात. पहिला पगार एकतीसला, मंगळवारी.

"एकतीसला मी घेऊन काय करू?" त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, स्वतःलाच विचारलं होतं. मग पिशवीचे बंद एकमेकांवर नीट बसवत म्हणाल्या, "मी तर शुक्रवारीच आले होते. पंधरालाच."

"मग नोंद सोमवारची कशी?"

"खिडकी बंद होती. पाटी लावली होती, 'आत्ता येतो'. मी बाकावर बसले. तुम्ही आलात ते एक वाजून गेल्यावर. म्हणालात, खिडकी एकला बंद होते, सोमवारी या."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. पाऊस लागला, उशीर झाला, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. माझ्या मात्र कानशिलांना ऊब लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्या शुक्रवारी मी कुठे होतो हे मला चांगलं आठवत होतं. औषधांच्या भांडारात माझा एक मित्र होता, आणि आमचा बुद्धिबळाचा एक डाव तीन दिवस अडून बसला होता. बारा वाजता मी पाटी अडकवून गेलो. माझा राजा संकटात होता.

"पुढचा," मी म्हणालो.

काकू बाजूला झाल्या. मी पुढच्याचं काम केलं, त्याच्या पुढच्याचं केलं, आणि त्या दोघांच्या कागदांची अदलाबदल करून ठेवली. असं माझ्या हातून कधी होत नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता मी फाटकावर गेलो. रखवालदाराकडे आत येणाऱ्याची वही असते. मागच्या महिन्याची पंधरा तारीख काढली. नेमणुकीचं पत्र घेऊन आलेली बाई, धुलाईघर, वेळ बारा पस्तीस.

आमच्या नियमांच्या पुस्तकात एक कलम आहे. मीच ते लोकांच्या तोंडावर फेकत आलो होतो. नेमणुकीचं पत्र घेऊन कामाच्या वेळेत जो हजर झाला, तो त्या दिवशी रुजू. प्रत्यक्ष काम त्याला केव्हा का मिळेना. म्हणजे काकू पंधरालाच रुजू झाल्या होत्या. म्हणजे त्यांचा पहिला पगार मागच्या महिन्याच्या अखेरीसच व्हायला हवा होता. त्यांचं चुकलं नव्हतं, नियमाचंही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते 'आत्ता येतो' या पाटीचं, आणि पाटीवरचं अक्षर माझं होतं.

तोवरच्या तेवीस वर्षांत मी धुलाईघरात पाऊल टाकलं नव्हतं. तिथले लोक खिडकीशी यायचे, मी कशाला जाऊ? त्या दिवशी गेलो. आत वाफ, यंत्रांची घरघर आणि गरम कापडाचा वास. टेबलाच्या टोकाशी काकू हिरव्या कापडांच्या घड्या घालत होत्या. हात थांबत नव्हते. मला पाहून आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या; खिडकी चालत आली म्हणजे नक्कीच कुणाची तरी कपात.

"बावीसच्या आत जायलाच हवं का?" मी विचारलं. "थोडं मागेपुढे झालं तर?"

काकूंनी एक घडी पुरी केली, टोक दुमडलं आणि मग बोलल्या. "मागच्या खेपेला झालं होतं मागेपुढे. पहिलं बाळंतपण होतं तिचं. निरोप आला, ये म्हणून. यांना सांगितलं, हे म्हणाले, बघू. वाईट मनानं नाही हो, सवयच ती. मग दिराला विचारलं, त्यानं विचारलं यांना. असं करता करता मी पोहोचले ते बाळ चार दिवसांचं झाल्यावर. लेकीनं पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'आलीस?' एवढंच. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं." त्यांनी पुढचं कापड ओढलं. "तेव्हाच ठरवलं, या खेपेला कुणाला विचारायचं नाही. म्हणून तर ही नोकरी धरली."

मी ताबडतोब खिशाला हात लावला. मोठेपणाचा झटका आला होता मला. "तिकिटाचं मी बघतो," म्हणालो. "एकतीसला परत करा."

"नको."

"मग उचल घ्या. नव्या माणसाला देत नाहीत, पण मी शब्द टाकतो."

"साहेब, तुमच्याकडून घेतले काय, दिराकडून घेतले काय, मागितलेच ना?" त्या हसून म्हणाल्या. "माझे असते तर मी आजच घेऊन गेले असते. माझे एकतीसला आहेत. राहू द्या. बाळ थांबलं माझ्यासाठी तर थांबलं."

त्यांनी पुढची घडी घातली. मी उभाच. वाफेनं चष्मा धुरकटला होता, तो पुसायच्या निमित्तानं तिथून निघालो. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. चार नोटांत माझी सुटका झाली असती. कुणाला कळलं नसतं, वर खिडकी किती दिलदार म्हणून नाव झालं असतं. या बाईनं 'नको' म्हणून मला पुरतं कात्रीत धरलं. आता दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं, नाहीतर लिहून द्यायचं.

गप्प बसायला काही लागत नव्हतं, हे नमूद करतो. काकूंना कलम माहीत नव्हतं. रखवालदाराची वही कुणी उघडणार नव्हतं. त्या एकतीसला येणार, सही करून पाकीट घेणार आणि मला वर धन्यवादही देणार. दुपारभर मी या वाटेवर मनातल्या मनात बरंच चालून आलो. दर वेळी टोकाशी ती लेक पडलेली असायची आणि म्हणायची, 'आलीस?'

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुरुवारी, मी हिशेबखात्याच्या मोठ्या बाईंसमोर कागद ठेवला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरिष्ठ, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. कागदावर मी लिहिलं होतं: सदर बाई पंधरा तारखेला बारा पस्तीसला हजर झाल्या. त्या वेळी मी जागेवर नव्हतो. खिडकी माझ्या चुकीनं बंद होती. त्यांना पंधरापासून रुजू धरून मागील महिन्याचा पगार दुरुस्ती म्हणून आजच द्यावा.

बाईंनी तो दोनदा वाचला. "जागेवर नव्हतात म्हणजे? बरं नव्हतं का?"

इथे त्यांनी मला आयती पळवाट दिली होती. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. "नाही," मी म्हणालो. "बुद्धिबळ खेळत होतो."

त्यांनी कागद खाली ठेवला. "तेवीस वर्षांत तुमची ही पहिलीच चूक?"

"पहिलीच सापडलेली, बाई."

त्यांनी सही केली. खाली लाल शाईनं शेराही मारला, 'संबंधितास समज दिली'. तो शेरा माझ्या नोंदीत शेवटपर्यंत राहिला. मग पेनाचं टोपण लावत त्यांनी विचारलं, "जिंकलात का निदान?"

"हरलो."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

तीन वाजता मी काकूंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, डगल्याला हात पुसत. मी पाकीट पुढे केलं तशा मागे सरकल्या. "नको म्हटलं होतं ना साहेब?"

"माझे नाहीत," मी म्हणालो. "तुमचेच आहेत. मागच्या महिन्याच्या अखेरीसच द्यायचे होते, माझ्या चुकीनं राहिले. हा बघा कागद. तुमचे दिवस तेव्हाच भरले होते."

त्यांनी कागद हातात घेतला, आणि मला वाटलं होतं त्याहून सावकाश वाचला. 'माझ्या चुकीनं' या शब्दांवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग मान हलवली आणि सहीसाठी पेन मागितलं. सही करताना जीभ किंचित बाहेर आली होती. पाकिटातल्या नोटा त्यांनी बाहेर काढल्या, टोकाला टोक जुळवून त्यांची घडी केली, वरचं एक टोक दुमडलं आणि पाकीट मला परत दिलं. म्हणाल्या, "हे तुमचं राहू द्या, पुढच्या वेळी लागेल."

"आणि रजा? नव्या माणसाला भरपगारी रजा नाही."

"कापा की. जेवढे भरणार नाहीत तेवढे कापा. आता कळलंय मला."

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण धुलाईघरात ते इतक्यांदा सांगितलं गेलं की आता मी पाहिल्यासारखंच सांगू शकतो. काकूंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की उद्या लेकीकडे निघते. तो सवयीनं म्हणाला, "बघू." काकू म्हणाल्या, "बघायचं काही उरलं नाही, तिकीट काढलंय." सकाळी त्यानं कुठल्याशा जुन्या मनगटी घड्याळात चावीची नवी कमान घालून ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "गाडी चुकायला नको." यातून ज्यानं त्यानं काय घ्यायचं ते घ्यावं. माझं मत असं की चार दिवसांचं अंतर त्यानं एका रात्रीत कापलं.

काकू अकरा दिवसांनी परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उभ्या. नात झाली होती, तेवीसला, पहाटे. दोघी सुखरूप. मी म्हणालो, "छान झालं," आणि हातातली पावती उगाच दोनदा फाडली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी एकवीसला पोहोचले. दार लेकीनंच उघडलं, एवढं पोट घेऊन. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं. कुणीच नाही. म्हणाली, 'आई, तुला कुणी आणलं?'"

त्यांनी पदर सारखा केला. मागची रांग कान देऊन होती.

"म्हटलं, मीच आणलं मला."

वॉर्डबॉय होता रांगेत, तोच, दुसऱ्या मजल्याचा विनोद करणारा. तो हातातला कागद बघू लागला. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या वेळी वाफेचं निमित्त नव्हतं. माझे डोळे भरले होते, त्याची नोंद कुठल्याच पटावर नाही.

एवढ्यावर काकू थांबल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण ज्यांना घडी घालायची सवय असते त्यांना सुरकुती दिसली की राहवत नाही. म्हणाल्या, "आता ते तीन शब्द बंद करा. नव्या माणसाला नीट सांगा."

मी दुखावलो, पण चार दिवसांत झकास पाटी रंगवून घेतली. पंधरा तारखेपर्यंत रुजू झालेल्यांस चालू महिन्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी, सोळा तारखेपासून रुजू झालेल्यांस पुढील महिन्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी, मागील दिवसांसह. काकूंना मुद्दाम बोलावून दाखवली.

त्यांनी वाचली. "सुरेख आहे," म्हणाल्या. "पण मी त्या दिवशी हे वाचलं असतं तरी काही कळलं नसतं मला. साहेब, नवं माणूस आधीच घाबरलेलं असतं. त्याला नियम सांगून काय उपयोग? तारीख सांगा."

तेव्हापासून मी चिठ्ठी लिहू लागलो. कागदांवर शिक्का मारला की एक छोटी चिठ्ठी. 'तुमचा पहिला पगार: शुक्रवार, एकोणतीस.' बस, वार आणि तारीख. आधी वाटलं होतं वेळ जाईल. झालं उलटंच. चाळीस माणसांचा तो एक प्रश्न महिन्याभरात आटला, आणि मला दुपारचा डबा गरम असताना खाता येऊ लागला. नव्यानं लागलेली माणसं ती चिठ्ठी घेऊन बाहेर जाताना मी पाहायचो. कुणी घडी घालून खिशात ठेवायचं, कुणी तिथेच उभं राहून बोटांवर दिवस मोजायचं. एकजण तर मला म्हणाला, "साहेब, नेमणुकीचं पत्र मिळालं तेव्हा विश्वास नव्हता बसला. आता बसला." 'आत्ता येतो'ची पाटी मात्र मी फेकली नाही. ती उलटी करून मागे खिळ्याला टांगली, स्वतःला दिसेल अशी.

काकूंची घडी बसली ती बसलीच. चार वर्षांत त्या टेबलाच्या मुख्य झाल्या. नव्या बाईला घडी शिकवण्याआधी त्या विचारायच्या, "चिठ्ठी मिळाली का खिडकीकडून?" नसेल मिळाली तर हात धरून माझ्याकडे आणायच्या. लेकीकडे वर्षातून दोनदा जायच्या, आणि निघताना कुणालाही विचारायच्या नाहीत, फक्त सांगायच्या. घड्याळजी नंतर नंतर म्हणे बरोबर जाऊ लागला. 'मी येऊ का' असं त्यानं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "बघू." आणि मग चार दिवस ताणून धरलं नाही, लगेच हो म्हणाल्या. मी असतो तर ताणलं असतं.

सात वर्षांनी मी निवृत्त झालो. निरोपाचा कार्यक्रम झाला, भाषणं झाली, माझ्या रागावर सगळे मोकळेपणानं हसले. मोठ्या बाईंनी मला बुद्धिबळाचा पट भेट दिला, चेहरा जराही न हलवता. निघताना धुलाईघरातल्या बायका दारापाशी उभ्या होत्या. काकू पुढे आल्या.

"साहेब, पेन्शनचं काम झालं का? पहिलं पेन्शन कधी?"

आता गंमत बघा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पगाराच्या तारखा सांभाळण्यात घालवलेला माणूस मी, आणि स्वतःची तारीख विचारायचं मला सुचलंच नव्हतं. पेन्शनचं काम नव्या मुलीकडे गेलं होतं, माझ्या जागेवर आलेल्या. कागद दिले होते, होईल म्हटलं होतं. मनात महिनाभर धाकधूक होती, पण तिला विचारणं म्हणजे खिडकीनं खिडकीशी रांगेत उभं राहणं, आणि ते काही माझ्यानं होत नव्हतं. मी जुन्या सवयीनं म्हणालो, "येईल हो. दिवस भरले की."

"तुमचे तर भरले," काकू म्हणाल्या, आणि सगळ्या बायका इतक्या हसल्या की एक्स-रेच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

काकू हसत नव्हत्या. त्या वळल्या आणि थेट माझ्या जुन्या खिडकीशी गेल्या. दोन माणसं होती पुढे. त्या रांगेत उभ्या राहिल्या, आपली पाळी आल्यावर वाकून काहीतरी बोलल्या. नव्या मुलीनं वही उघडली, बोट फिरवलं, लिहिलं. काकू परत आल्या तोवर चिठ्ठीची घडी घालून झाली होती, शस्त्रक्रियेच्या कापडासारखी, एक टोक किंचित बाहेर दुमडलेलं.

मी ते टोक धरून ओढलं. चिठ्ठी आपसूक उलगडली. 'तुमचं पहिलं पेन्शन: मंगळवार, नऊ.'

इतके दिवस मी ही चिठ्ठी लिहीत होतो. ती हातात आल्यावर काय वाटतं ते मला ठाऊक नव्हतं. छातीवरचं ओझं कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावं तसं वाटलं. मी काकूंना धन्यवाद म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांची धुलाईघराची वेळ झाली होती. "पुढचा," त्या म्हणाल्या, माझ्याच आवाजात, आणि निघून गेल्या. मी चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली आणि बोटांवर दिवस मोजत घरी गेलो.